घोडीसाठी रोडगे

आमच्या समितीचं पहिलं जेवण झालं तेव्हा समिती अजून स्थापन व्हायची होती. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्याला कुणी नशीब म्हणू नये. नशिबाचा यात काहीही हात नाही. सगळं आम्ही आमच्या हातांनी केलं आणि तेच हात धुऊन पंगतीला बसलो.

मूळ गोष्ट अगदी लहान होती. माझी नात आकांक्षा नऊ वर्षांची आहे. जन्मापासून तिचे पाय ताठ आणि पाठ ढिली. बसवली की थोड्या वेळात एका अंगाला कलते. मग आम्ही तिकडून उशी लावतो. मग ती दुसऱ्या अंगाला कलते. डोकं मात्र घरात सगळ्यांत तिचंच जास्त चालतं, त्यामुळे आपण कललोय हे तिला आमच्या आधी कळतं. हीना नावाची एक तरुण फिजिओथेरपीची डॉक्टर अकोल्याला नोकरी करते आणि रविवारी अंजनगावला आपल्या मामांकडे येते. ती आकांक्षाला व्यायाम शिकवते. एकदा तीच म्हणाली, "आजी, अशा मुलांना घोड्यावर बसवतात. घोडा चालला की त्याच्या चालीबरोबर मुलांची पाठ स्वतःला सावरायला शिकते." आणि तिचे मामा वाहेदभाई यांच्या दारात वरातीची घोडी बांधलेलीच होती.

घोडीचं नाव नूरी. पांढरी, पोक्त, डोळ्यांत कमालीची शांती. जिने उभ्या जन्मात फक्त नवरदेव वाहिले, त्यांच्या कानाशी फुटणारे फटाके ऐकले आणि पुढे लोळून नाचणारे त्यांचे मित्र पाहिले, तिला या जगात घाबरण्यासारखं काय उरणार? आकांक्षाला तिच्यावर बसवून एका बाजूने हीनाने धरलं, दुसऱ्या बाजूने वाहेदभाईंनी. नूरी चार पावलं चालली आणि आमची पोरगी सरळ बसली. उशी नाही, पट्टा नाही. आमचे हे, म्हणजे जानराव, एसटीत कंडक्टर होते. तोंड मिटून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते वाहेदभाईंच्या ओट्यावर बसून नुसते बघत राहिले.

असे काही रविवार गेले. मग एक दिवस वाहेदभाई चहा न घेता बोलायला लागले. वऱ्हाडात माणूस चहा बाजूला ठेवून बोलतो तेव्हा समजावं, बातमी वाईट आहे.

"भाभी, आता नवरदेवाले घोडी नाई पायजे. त्याले उघड्या छताची गाडी पायजे. परवा एक नवरदेव जेसीबीच्या फावड्यात बसून गेला. जेसीबी चारा खात नाई. नूरी खाते."

"मंग?"

"चिखलदऱ्याचा एक दानिश म्हणून हाय. टुरिस्टायले चक्कर माराले घोडे ठेवते. नाताळाच्या सुट्ट्या लागाच्या आंदी त्याले नूरी पायजे. मी त्याले थांबवून ठेवलं. पन किती दिवस थांबवू, तुमीच सांगा."

आकांक्षा तिथेच होती. ती हळूहळू डाव्या अंगाला कलली.

हीनाने हिशेब मांडला. नूरीला ठेवायला शेड, चारा, मुलांना चढायला एक सिमेंटचा उतार आणि फिरवायला मऊ जमिनीचा गोल. तालुक्यात अशी बरीच लेकरं आहेत, सगळ्यांसाठी एक केंद्रच होऊ शकतं. लोकवर्गणी केली तर काय अवघड आहे? तिने शिक्षण बाहेर केलं असल्यामुळे तिला लोकवर्गणी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, तरी आम्ही हो म्हटलं.

बैठक आमच्याकडे ठेवली. बैठक म्हटली की माणसं येणार, आणि आलेली माणसं उपाशी कशी पाठवणार? सुनेने पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा केला. लोक जेवले, लोडाला टेकले, दोघे तर घोरलेही. समितीचा विषय निघाला तो मोरीवर, हात धुताना. आमच्या वॉर्डातले अंकुरभाऊ, ज्यांना नगरपरिषदेला उभं राहायचं आहे आणि जे दर निवडणुकीच्या आधी फार सेवाभावी होतात, टॉवेलला हात पुसत म्हणाले, "काकू, तुमी अध्यक्ष व्हा. बाई अध्यक्ष असली की कागद लवकर सरकते."

अशी मी अध्यक्ष झाले. मी अक्षरं शिकले तेव्हा माझा मुलगा नववीत होता. त्यामुळे सही करायला मला वेळ लागतो. मी लोकांसारखी नुसती रेघ ओढत नाही, 'पार्वताबाई' हे नाव काना-मात्रेसकट पुरतं लिहिते. पण पुढे जो कागद सरकला नाही, तो माझ्या सहीमुळे नव्हे, हे इथे नमूद करते.

वर्गणीआधी सरकारकडून काही मदत मिळते का ते पाहायला निघालो. पहिल्या कचेरीत, जिथे जनावरांचं बघतात, तिथल्या साहेबांनी विचारलं, "घोडी आजारी आहे?"

"नाही जी. ठणठणीत आहे."

"मग आजारी कोण आहे?"

"माझ्या नातीला पाठ सरळ करायची आहे."

"मग माणसांच्या कचेरीत जा."

माणसांच्या कचेरीत चष्मा लावलेल्या बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्यामुळे मला आशा वाटली. म्हातारपणी कुणी नीट ऐकलं तरी आपलं काम झालं असं वाटतं. शेवटी त्या म्हणाल्या, "उपचार नेमका कोण करणार?"

मी म्हटलं, "घोडी."

त्यांनी चष्मा काढला. "आजी, उपचार करणाऱ्याचं नोंदणीपत्र लागतं."

तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, घोड्यावर बसणं म्हणजे खेळ. स्पर्धा भरवा, जिंकेल त्याचा प्रस्ताव पाठवा. चौथ्या ठिकाणी एका पोराने घोडीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला. गाई-म्हशींच्या कानाला पिवळा बिल्ला असतो, तसा. जानराव म्हणाले, "घोडीले बिल्ला नसते ना बाप्पा." पोरगा म्हणाला, "मग काकाजी, संगणकात जनावर हायच नाई." आम्ही बाहेर आलो. जानरावांनी खिडकीकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "याच्यापक्षा माझी एसटी बरी होती. निदान मानूस चढला का उतरला, एवढं तं कळे."

सरकारचा नाद सोडून आम्ही जमिनीकडे वळलो. कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगच्या मागची जागा मालकाने विकली जाईपर्यंत वापरायला दिली. भिंतीला टेकून टिनाची शेड झाली. उतारही झाला, एका गवंड्याने उरलेल्या सिमेंटातून करून दिला. राहिला गोल. आमची काळी जमीन हिवाळ्यात अशी फाटते की घोडीचा खूर भेगेत अडकायचा. हीना म्हणाली, रेती पाहिजे. नदीकाठच्या एका भल्या माणसाने ट्रॉलीभर रेती दिली. रेती पोचायच्या आधी महसूलवाले पोचले.

"परवाना दाखवा."

मी पुढे झाले. अध्यक्ष मीच होते. "साहेब, ही घोडीसाठी आहे."

"घोडी बांधकाम करून राहिली का?"

सोबतचे सगळे हसले, आमचा ट्रॅक्टरवालासुद्धा. रेती कचेरीच्या आवारात जमा झाली. अजून तिथेच आहे. आवारातल्या मांजरांची मात्र छान सोय झाली आहे.

तेव्हा जानरावांना कुटार सुचलं. सोयाबीनची मळणी झाली की जो भुसा उरतो, तो कुटार. मऊ, फुकट, परवाना लागत नाही. घरोघरच्या खळ्यांतून आणून आम्ही गुडघाभर थर दिला. सोनेरी गोल काय सुंदर दिसत होता! आकांक्षाला बसवलं. नूरी दोन पावलं चालली, थांबली, मान खाली घातली आणि गोल खायला लागली.

वाहेदभाईंनी लगाम ओढला, विनवण्या केल्या. "भाभी, तिचा गुन्हा नाई. तिले वाटते आपल्यासाठी ताट वाढलं."

आठवड्याभरात आमचा गोल डोळ्यांदेखत लहान झाला आणि घोडी मोठी. शेवटी बैलाला कामाच्या वेळी बांधतात तसं जाळीचं मुसकं तिच्या तोंडाला बांधलं. नूरीने माझ्याकडे असं पाहिलं की त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही. पण गोल चालू झाला. आणखी चार-पाच लेकरं यायला लागली. आकांक्षा आता एका हाताने खोगिराची मूठ सोडून मला हात दाखवायची. फक्त चाऱ्याला आणि देखभालीला पैसा उभा करायचा, दानिशला नाही म्हणायचं, की झालं. आम्ही वर्गणीला निघालो.

आधी नालांनी जीव खाल्ला. घोड्याची नाल दाराला ठोकली की घराला नजर लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. पहिल्याच घरी विचारलं, "वर्गणी देतो, पन नाल भेटन का?" दुसऱ्या घरी तेच. संध्याकाळी मी वाहेदभाईंकडे यादी घेऊन गेले. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "भाभी, घोडीले पाय चार. तुमच्या एका गल्लीतच दरवाजे चाळीस. आन् लोकायले काळ्या घोड्याची पायजे. मी काय नूरीले डांबर लावू?"

तरी तेही निभलं असतं. घात झाला तो मैनाबाईंच्या दारात. मैनाबाई म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांच्या तोंडात गेलेली गोष्ट दिवे लागायच्या आत बस स्टँडपर्यंत पोचते. त्यांनी आमचं सगळं ऐकलं, आकांक्षासाठी डोळ्याला पदर लावला, आणि सहज विचारलं, "मंग जेवन कवा हाय?"

आता आमच्याकडची रीत अशी, की वर्गणी गोळा झाली म्हणजे शेवटी जेवण. मंदिराचा कळस असो की गणपती, ज्याने दिलं तो जेवणार. पण हे केंद्र होतं. केंद्राला जेवण कसलं? मी तोंड उघडणार, एवढ्यात जानराव, ज्यांनी जन्मात कुणाला दारातून उपाशी जाऊ दिलं नाही, निव्वळ भिडेने बोलून गेले, "आता तुमाले जेवल्याशिवाय सोडतो का आमी!"

बस. एवढंच वाक्य. नवरा-बायकोच्या संसारात वाईट वाक्यं फार येतात. पण इतक्या चांगल्या मनाने बोललेलं वाक्य इतकं महाग पडलेलं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर गव्हाची पोती होती. वांगी होती. तुरीची डाळ, तेलाचे पिपे, गूळ, आणि गोवऱ्यांनी भरलेली एक बैलगाडी. ठरवलं कुणी, आम्हाला माहीत नाही, पण ठरलं होतं, घोडीचे रोडगे. म्हणजे कणकेचे मोठे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सगळ्या गावाने दिलं. ज्याच्या दारात आम्ही उभे राहिलो नव्हतो त्यानेही दिलं. एकानेही नाही म्हटलं नाही. फक्त नगद मागितली की माणसं दुखावत.

"गहू देले ना बाई! आता पैसे बी?"

"पण घोडीला पैसे लागतात."

"घोडी जेवनार नाई का मंग? तिलेबी बसवा पंगतीत."

मी विचार केला, हा गहू विकला तर नूरीचं वर्ष निघेल. गुपचूप दोन पोती ऑटोत घालून अडत्याकडे पाठवली. अडत्याने पोतं ओळखलं. "हे अन्नदानाचं हाय. हे मी घेतलं तं माह्या दुकानात उंदीरबी थांबनार नाई," म्हणाला, आणि पोती त्याच ऑटोने परत. ऑटो घरी यायच्या आधी मैनाबाई दारात.

"पार्वताबाई, लोकायच्या तोंडचा घास इकाले काढला म्हन्ते तुमी?"

"अवो, मी काय माझ्या पाटल्या करणार होते का?"

"मी कुठं म्हनलं पाटल्या? मी म्हनलं, लोक म्हनून राहिले पाटल्या."

पन्नास वर्षं मी या गल्लीत आहे. उसनं घेतलेलं वाटीभर मीठही कधी परतायचं राहिलं नाही. त्या दिवशी मी नळावर गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. रात्री जेवताना सुनेने ताटात वाढलेला गव्हाचा फुलका मला गिळवेना, तर मी भाताचा घास घेतला. तोही कुणी मोजत असेल असं वाटलं.

मी वाहेदभाईंना विचारलं, आता काय करू? त्यांनी नूरीची आयाळ विंचरून घेतली. मग म्हणाले, "भाभी, इमान से सांगतो. आता पकवून टाका. आलेलं अनाज वापस जात नाई. डेगा मी आनतो."

स्वयंपाकाच्या मोठ्या डेगा त्यांच्या आल्या म्हणून मैनाबाईंनी दबक्या आवाजात विचारलंच, "त्यायच्या डेगा चालतीन ना?" मी म्हटलं, "वांग्याला विचारा." वांग्याने काही हरकत घेतली नाही.

अंकुरभाऊंनी सगळ्यांना धीर दिला. त्यांच्या मते हे उलट उत्तम झालं होतं. "काकू, मानूस जेवला की हळवा होते. पयले आकांक्षाची घोडीवरची चक्कर दाखवू. लोकायच्या डोळ्यात पानी. मंग पंगत. मंग झोळी. तुमाले पाहाच, नगद कशी पडते!" दानिशला त्याच दिवशी बोलावलं होतं. झोळीत पुरेसं पडलं तर त्याला हात जोडायचे, नाही तर घोडी त्याची. वाहेदभाईंनी तसा शब्द दिला होता. अंकुरभाऊंनी फ्लेक्स लावला. त्यात त्यांचा चेहरा घोडीएवढा, घोडी आकांक्षाएवढी आणि आकांक्षा एका नालेएवढी.

त्या दिवशी आकांक्षा पहाटेच उठून बसली. हीनाने तिच्यासाठी अकोल्याहून हेल्मेट आणलं होतं. ते तिने घातलं ते घातलंच. नाश्त्यालाही काढलं नाही. जिनिंगमागे माणसांचा हा पूर लोटला. भाजणाऱ्यांनी गोवऱ्यांचा लांब थर गोलाच्या शेजारी लावला, कारण तिथे भिंतीचा आडोसा होता. हीना त्यांना म्हणाली, "काका, कुटार जवळ आहे, थोडं पलीकडे घ्या ना."

"ताई, तुमी सुई टोचाचं पाहा. रोडगे मी पाह्यतो."

मग सत्कार सुरू झाले. ज्याने गहू दिला त्याचा, ज्याने वांगी दिली त्याचा, ज्याची बैलगाडी त्याचा आणि बैलगाडीवाल्याच्या सासऱ्यांचा, कारण ते सहज आले होते. शाल, नारळ, टाळ्या. नूरीलाही हार घातला. हार मोठा होता आणि मुसकं काढलेलं होतं, त्यामुळे तो फोटो निघायच्या आत संपला. अंकुरभाऊंनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आता ज्या क्षणाची आपण सगळे वाट पाहत आहोत..."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "रोडगे निघाले!"

आमच्याकडे गरम रोडग्यापुढे कोणतंही भाषण टिकत नाही. तो थंड झाला की दगड होतो, हे जन्माला आलेल्या लेकरालाही माहीत. अंकुरभाऊंनी लगेच वाक्य वळवलं, "...तो क्षण जेवणानंतर!" आणि पंगती बसल्या. मी आकांक्षाकडे गेले. "बाळा, लोक जेवून घेऊ दे. मग तुझीच पाळी."

"किती वेळ, आजी?"

"एकच पंगत."

एक पंगत उठली, दुसरी बसली. तिसरीला वाढप सुरू असताना भिंतीला वळसा घालून वारा आला. मोठा नव्हता. निखाऱ्यावरची राख उडाली, एक ठिणगी गोलात पडली आणि आमच्या गोलाने हात पसरल्यासारखा जाळ घेतला. कुटार काय, बोलता बोलता पेटतं. लोकांनी आरडाओरडा केला, पण एकानेही ताट खाली ठेवलं नाही. सगळे ताटासकट उठले, पलीकडे जाऊन बसले आणि तिथून "पाणी टाका, पाणी टाका" म्हणून सांगू लागले. वाढप्यांनी पिण्याच्या पाण्याचा टँकर गोलात सोडला. शेड वाचली, माणसं वाचली, कुणाला चटका बसला नाही. फक्त गोल गेला आणि पिण्याचं पाणी गेलं.

वांग्याची भाजी तिखट होती. पाणी नाही म्हटल्यावर तिखट खाल्लेला माणूस कुठे थांबतो? अंकुरभाऊ झोळी पसरून फाटकापर्यंत धावले, पण लोक तोंडाने हा-हू करत घराकडे पळत सुटले होते. लोकांनी जाताना मला हाताने 'फक्कड' अशी खूण केली. बोलायला तोंड रिकामं नव्हतं.

धूर ओसरला तेव्हा नूरी जिथे बांधली होती तिथेच उभी होती. तिला काही विशेष झालं असं वाटलेलं दिसत नव्हतं. शेजारी आकांक्षा. हेल्मेटवर राख.

"आजी, आता माझी पाळी आली का?"

मी अध्यक्ष होते. अध्यक्षांनी पदराने हेल्मेटवरची राख पुसली.

दानिश शेवटच्या पंगतीला जेवून हात पुसत आला. बिचारा सभ्य माणूस होता. "रोडगे एक नंबर होते जी," म्हणाला आणि टेम्पोचा मागचा फळका उघडायला गेला. वाहेदभाई त्याला म्हणाले, "दो दिन और ठहर जाव ना." तो म्हणाला, "वाहेदभाई, गाडीचं भाडं देऊन आलो. तुमीच तं आजचा वायदा केला." वाहेदभाई मागे वळले. त्यांनी आकांक्षाला उचललं आणि नूरीवर बसवलं. शेडपासून टेम्पोपर्यंत किती अंतर असेल, आवाज दिला तर ऐकू येईल एवढं. तेवढं ते सावकाश चालले. हीना एका बाजूला, मी मागे. पोरगी अशी ताठ बसली होती, की एवढं सगळं गाव जेवून गेलं पण हे बघायला कुणी नव्हतं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तिला उतरवल्यावर नूरी टेम्पोत चढेना. फळका उंच होता. मग दानिशने टेम्पो मागे घेऊन लेकरांसाठी बांधलेल्या आमच्या उताराला लावला. नूरी त्यावरून आरामात चढून गेली. समितीने बांधलेली एवढीच गोष्ट अशी उपयोगी पडली.

जेवणाची कीर्ती परतवाड्यापर्यंत गेली. दर्यापूरचे पाहुणे विचारतात, पुढच्या वर्षी कधी? अंकुरभाऊंच्या मते हे दरवर्षी व्हायला पाहिजे, आणि त्यांनी माझ्या नकळत तसं जाहीरही करून टाकलं. घोडी नसली तरी चालेल, असं मैनाबाई म्हणाल्या. नळावरच्या बायका आता माझ्याशी बोलतात. माझा मान मला परत मिळाला आहे, तो कुठे ठेवावा कळत नाही.

महिन्यातून एकदा, जमेल तेव्हा, आम्ही आकांक्षाला घेऊन चिखलदऱ्याला जातो. हीना म्हणते आठवड्यातून दोनदा तरी बसायला हवं. पण परतवाड्याहून वर जायला जीप, जीपच्या टपावर तिची चाकांची खुर्ची बांधायची, घाटात तिला मळमळतं. तिथे टुरिस्टांच्या रांगेत उभं राहायचं. नूरीच्या डोक्याला आता प्लॅस्टिकची फुलं आहेत. दानिशची माणसं एक चक्कर मारून आणतात, पॉइंटपर्यंत आणि परत. चक्कर झाली की मागचे लोक घाई करतात, "चला, उतरवा लवकर." त्यांना वाटतं पोरगी हट्टाने उतरत नाही. ताठ पाय सोडवायला वेळ लागतो, हे मी आता कुणाकुणाला सांगू?

मागच्या खेपेला सकाळी दाट धुकं होतं. नूरी आकांक्षाला घेऊन चार पावलं गेली आणि दिसेनाशी झाली. नुसते घुंगरू ऐकू येत होते. जानराव चहा आणायला गेले होते. मी रांगेच्या कडेला तिची खुर्ची धरून उभी होते. चालून थकलेल्या एक बाई जवळ आल्या. गरम टोपी, हातात मक्याचं कणीस. त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि मला विचारलं, "मावशी, ही कशी दिली? एका चकरेचे किती?"

"ही भाड्याची नाही जी. आमची आहे."

"पण रिकामी तर आहे," त्या म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. उशीला अजून तिच्या अंगाचा खळगा होता, एका बाजूला कललेला.

"हो," मी म्हटलं. "आत्ता रिकामी आहे."